गेरूवरचं पाणी

आमच्या विहिरीचं पाणी आम्ही अंगावर मोजतो. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. आत उतरून कुणी उभं राहत नाही, पण खोदताना जिथे उभे राहायचो तिथून मोजायची सवय पडली ती पडली. मोटार बंद ठेवली की सकाळपर्यंत छातीला पाणी यायचं. भर उन्हाळ्यातही कमरेच्या खाली ते कधी गेलं नाही. त्यावर दोन घरं, जनावरं आणि मोसंबीची बाग चालायची. विहीर आणि बाग दोन भावांची सामाईक आहे. धाकटे भाऊ म्हणजे माझे मालक आणि मोठे म्हणजे माझे मोठे दीर.

आता ते पाणी नाही. का नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलं थोडं फक्त मला माहीत आहे, म्हणून दुपारी मालकांचा डोळा लागला की लिहायला बसते. चार दिवस झाले. रोज थोडं लिहून होतं आणि थकवा येतो. हाताला टोपल्याची सवय आहे, पेनाची नाही.

मी आणि मालक वीस-बावीस वर्षं विहिरी खोदायच्या कामावर होतो. भोकरदनच्या बाजूला, टेंभुर्णीकडे, जिथे काम निघेल तिथे टोळीबरोबर जायचो. ते दगडाला सुरुंगाची भोकं पाडायचे. मी आणि बाकीच्या बाया फुटलेला दगड टोपल्यात भरून मोठ्या बादलीत टाकायचो. वर यारी असायची, म्हणजे लोखंडी दांड्यांचं यंत्र, तिच्या पोलादी दोराने बादली वर जायची. बादली वर गेली की तेवढा वेळ कंबर सरळ करायची. बस, तेवढीच सुट्टी.

खाली जाताना जमीन रंग बदलते. आधी काळी माती. मग मुरूम, तो टिकावाला ऐकतो. मग मांजऱ्या. हा भोकाभोकांचा दगड, त्याच्या भोकांत पांढऱ्या आणि हिरवट गारगोट्या बसलेल्या असतात, आणि ठोकला तर बदबद वाजतो. त्याच्या खाली काळा पाषाण. तो टणटण वाजतो आणि सुरुंगाशिवाय हलत नाही. आणि कुठे कुठे पाषाणाच्या खाली एकदम लाल थर लागतो. आम्ही त्याला गेरू म्हणतो. तो ना धड दगड, ना धड माती. ओला झाला की हाताला साबणासारखा लागतो, आणि लुगड्याला लागला तर जन्मात जात नाही. गेरूच्या खाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. असं किती वेळा ते कुणी पाहिलंय.

टेंभुर्णीच्या अलीकडे एका शिवारात आम्ही खोदत होतो तेव्हा कुठल्यातरी कॉलेजचे एक सर मुलामुलींना घेऊन आले होते. विहिरीच्या कडेला उभं राहून ते थर दाखवत होते. मी वर दगडाच्या ढिगावर टोपलं रिकामं करत होते, म्हणून ऐकू आलं. ते म्हणाले, इथे फार पूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून वितळलेला दगड वर आला. काकवीसारखा पातळ. तो मैलोन्‌मैल पसरला आणि थंड झाला. त्याच्या वरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे अडकले, तीच भोकं. खालचं अंग घट्ट राहिलं, तोच काळा पाषाण. मग कितीतरी काळ काहीच आलं नाही. ऊन, पाऊस, वारा, एवढंच. दगड कुजून त्याची माती झाली. मग दुसरा लोट आला आणि त्या मातीवर पसरला. माती खाली दबली, भाजली, लाल झाली.

एका मुलीने मूठभर गेरू उचलून विचारलं, "सर, म्हणजे हा दगड नाही?"

"नाही. ही जमीन आहे. जुनी जमीन."

मग तीच मुलगी माझ्याकडे वळली. "मावशी, खाली काय लागणार ते तुम्हाला आधी कळतं का हो?"

मला कळायचं. पण मी मान खाली घालून टोपलं झटकायला लागले. टोपलं आधीच रिकामं होतं.

ती गेल्यावर माझ्या मनात ती जमीन राहिली. तिच्यात कुणी काही पेरलं नसेल, कुणी तिच्यावरून चाललं नसेल. नुसती पडून राहिली आणि झाकली गेली. त्यानंतर गेरूत पाय रुतला की मला जरा थांबल्यासारखं व्हायचं. पण कामावर थांबता येत नाही.

त्याच विहिरीचा किस्सा सांगते. गेरूच्या वर पाषाणाच्या भेगांतून झरे फुटले होते, गुडघाभर पाणी होतं. मालक शेतकऱ्याला म्हणाले, आता थांबा, हा गेरू पाणी धरून बसलाय. शेतकरी म्हणाला, एवढ्यावर गुडघाभर आहे तर अजून खाली किती असेल! त्याने सुरुंग लावायला लावला. गेरू फुटला. खाली कोरडा मांजऱ्या निघाला, आतून भेगाळलेला. आम्ही भाकरी खायला वर आलो तेव्हा पाणी होतं. भाकरी खाऊन परत पाहिलं तर नव्हतं. टोळीतल्या कुणाला हसू आलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे जास्तच दमलो होतो.

म्हणून आमची स्वतःची विहीर खोदताना सहा पुरुष, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर पहारीच्या टोकाला लाल लागलं तसे मालक म्हणाले, "बास. इथंच." पाषाणाच्या पायथ्याला तीन झरे होते. गेरूला धक्का न लावता आम्ही वर आलो. मी तेव्हा पस्तिशीची असेन. वर आल्यावर मालकांनी मोठ्या भावाला टेंभुर्णीच्या विहिरीचं सांगितलं होतं आणि म्हणाले होते, "याच्या खाली कधी जायचं न्हाई." दीर हो म्हणाले होते. पण ते आमच्यासारखे विहिरींवर राबले नव्हते, त्यांनी बाग सांभाळली. ऐकलेलं विसरतं.

मागच्या पावसाने ओढ दिली आणि फाल्गुनातच पाणी कमरेला आलं. शेजारच्या शेतात बोअरला पाणी लागलं. मोठ्या दिरांनी ठरवलं, आपण विहिरीच्या तळातच उभा बोअर मारायचा. आमच्याकडे पुष्कळ जण असं करतात. सहा पुरुष तर आधीच खोदलेले आहेत, तेवढं मशीनचं काम वाचतं, असा हिशोब. हिशोब दिसायला बरोबर आहे.

मालकांच्या छातीत दगडाची धूळ बसली आहे. डॉक्टरांनी तसंच सांगितलं. ते पडवीत बाजेवर असतात, दोन वाक्यं बोलले की खोकला लागतो. त्यांनी ऐकलं तेव्हा मला जवळ बोलावलं.

"त्याला सांग. गेरू फुटंल."

"तुम्ही सांगा ना."

"मी बोलायला लागलो की खोकतो. मंग तो म्हनतो, पड तू, पड."

"मी कशी सांगू?"

"तोंडानं," ते म्हणाले आणि हसले. हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

मी कशी सांगू, हे मी उगीच विचारलं नव्हतं. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी बोलत नाही. ते ओट्यावर आले की मी पदर कपाळापर्यंत ओढून आत जायचं. काही सांगायचं असेल तर मालकांमार्फत, नाहीतर जाऊबाईंमार्फत. घरात कुणीच नसेल तर दाराकडे बघून म्हणायचं, चहा ठेवलाय म्हणावं. दार ऐकत नाही, ते ऐकतात. तीस वर्षं होत आली, आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. आता एवढं कुणी पाळत नाही. जाऊबाईंची सून तर सासऱ्यांशी मोबाइलवर भांडते. पण मला ते कधी मोडावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. बोलावं लागत नाही, यासारखं सुख नाही.

मी जाऊबाईंकडे गेले. त्या भाकऱ्या थापत होत्या.

"आक्का, भाऊजींना म्हनावं, तळाला बोअर नको. खाली गेरू हाय, त्यानंच पानी धरलंय. भोक पडलं तर हाय ते बी जाईल."

"आगं, तुझं हे दगड-मातीचं माझ्या ध्यानात राहील का? नुसतं नको म्हनते म्हनून सांगू का?"

"गेरू हाय म्हनावं. टेंभुर्णीचं ध्यानात आना म्हनावं."

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना त्यांनी निरोप परत आणला. "सांगितलं बाई. म्हनले, गेरू असू दे न्हाईतर हळद असू दे, पानी खालीच हाय. आन म्हनले, सुरुंगाचा काळ गेला, आता मशीन हाय."

"आन टेंभुर्णीचं?"

"ते सांगायचं राह्यलं गं. मधीच दूधवाला आल्ता."

मी मालकांना सांगितलं, निरोप दिला. त्यांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, आपलं काम झालं.

मशीन आलं त्या दिवशी सकाळीच विहीर उपसली होती. यारीने मशीन तुकड्यातुकड्याने खाली सोडलं. मोठे दीर काठावरच्या दगडावर बसले होते. मशीनवाला वरून हवेच्या पाइपाकडे बघत म्हणाला, "काका, पेढे आनून ठेवा." दीर म्हणाले, "पानी तर लागू दे, मंग पेढे काय, जिलेबी घालतो." मी किटलीत चहा घेऊन गेले होते. चहा तिथे ठेवून परत यायचं होतं. पण मशीन सुरू झालं आणि माझे पाय तिथेच राहिले.

विहिरीतून धूळ वर येत होती. आधी राखाडी. खाली पाषाणाचा थोडा थर शिल्लक होता, त्याची ती धूळ. मग तांबूस. मग पुरती लाल. काठावरच्या गवतावर लाल बसायला लागलं, माझ्या हातावर बसलं. त्या लाल रंगाला मी कुठेही ओळखलं असतं.

दीर माझ्यापासून चार हातांवर होते. जाऊबाई घरी, मालक बाजेवर. तिथे निरोप न्यायला कुणी नव्हतं. दारही नव्हतं. मी पदर पुढे ओढला आणि किटलीकडे बघून म्हणाले, "थांबवा म्हणावं." मशीनचा आवाज एवढा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले नाही. कपात चहा ओतायला लागले. तीन कप ओतून झाले आणि धूळ परत राखाडी झाली. ही वेगळी राखाडी होती, फिकट आणि हलकी. मांजऱ्याची.

लाल एवढाच वेळ होतं. तीन कप.

"लागलं का?" दिरांनी ओरडून विचारलं.

"अजून न्हाई काका. खाली कोरडंच हाय. अजून टाकू."

दुपारपर्यंत टाकत राहिले. कोरडंच निघालं. मशीन वर काढलं तेव्हा तळाला सकाळी राहिलेलं डबकंही नव्हतं, पोतेऱ्याने पुसून घेतल्यासारखा तळ दिसत होता. मशीनवाला म्हणाला, सकाळपर्यंत भरेल. सकाळी आम्ही सगळे काठावर गेलो. तिन्ही झरे चालू होते, त्यांचं पाणी भिंतीवरून ओघळत तळाला येत होतं आणि त्या टीचभर भोकात शिरत होतं. खाली कुठेतरी पडल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

दिरांनी सिमेंटच्या दोन गोण्या कालवून त्या भोकात ओतल्या. खाली गेल्या. अजून एक ओतली. तीही गेली. पाचव्या दिवशी मोसंबीची पानं द्रोणासारखी वळली. पिण्याचं पाणी जाऊबाई आणि मी गावच्या नळावरून आणायला लागलो.  येताना अर्ध्या वाटेत हंडा खाली ठेवून जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "मी नीट सांगायला पायजे व्हतं का गं?" मी म्हणाले, "चला आक्का, ऊन वाढतंय."

त्या दिवशी मालकांनी मला समजावून सांगितलं, एकेक वाक्य, मध्ये दम खात. भोक वरून भरत नसतं, त्याला आधी बूड लागतं. बाभळीची मेख तासायची, खाली निमुळती. तिला पोतं गुंडाळायचं आणि गेरूच्या खालपर्यंत ठोकत न्यायची. तिच्यावर गेरूच घालायचा, पिठासारखा मळून, थोडा थोडा, प्रत्येक थर ठेचत. सगळ्यात वर सिमेंट. "आन ते दुसऱ्याच्या हाताला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "गेरू किती ओला ठेवायचा ते तुझ्या हाताला कळतं."

मी ओट्यावर गेले. दीर बसले होते, जाऊबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी आत गेले नाही. उभी राहिले.

"मला खाली सोडा," मी म्हणाले. "मी बुजवते."

दिरांनी जाऊबाईंकडे बघितलं. "काय म्हनते ती?"

"मी तुमच्याशीच बोलून राह्यले भाऊजी."

जाऊबाईंच्या हातातलं सूप थांबलं. दीर भिंतीकडे वळले. त्यांनी भिंतीलाच विचारलं, "जमंल का पन?"

"समदं न्हाई जमायचं. थोडं जमंल."

"तू निरोप धाडल्ता," ते म्हणाले. "मी ऐकलं न्हाई. माझ्या हातानं गेलं हे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिथे उभी होते, पदर तेवढाच होता, आणि तोंडातून आवाज निघतो हे मला नुकतंच कळलं होतं. पण मी म्हणाले, "मेखंला बाभळ बघा. वाळलेली बघा." आणि घरी आले.

मशीनने वर फेकलेला लाल गाळ विहिरीच्या तळाला आणि काठाला सुकून पडला होता. तोच मी खरवडून गोळा केला, चाळला, भिजवला. जे बाहेर काढलं तेच परत घालायचं. यारीच्या बादलीत बसून खाली गेले. दहा-बारा वर्षांनी विहिरीच्या आत गेले असेन. पूर्वी बादलीच्या कडेवर उभी राहून जायचे, आता बसून दोन्ही हातांनी दोर धरला होता. तळाला थंड होतं. झऱ्यांचं पाणी पायांवरून भोकाकडे जात होतं. मी मातीची पाळ घालून ते बाजूला वळवलं. मेख उतरवली, पहारीने ठोकली. मग गेरू. मूठभर घालायचा, ठेचायचा, पुन्हा मूठभर. वरून दीर मधूनमधून ओरडत होते, "हाय का?" म्हणजे मी जिवंत आहे का. मी खालून ओरडत होते, "हाय!" एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे अजूनच मोठा वाटला.

दोन दिवस लागले. कंबर अजून वाकत नाही.

पाणी पहिल्या दिवशी घोट्याला आलं. तिसऱ्या दिवशी गुडघ्याला. दहा दिवसांनी कमरेला आलं आणि तिथेच थांबलं. मोटार चालवली की गुडघ्याला जातं, सकाळी पुन्हा कमरेला. कुठूनतरी अजून झिरपतंय. भेग मशीनने किती लांब पाडली ते वरून कळत नाही. बांधाकडच्या मोसंबीच्या ओळी सोडून दिल्या. दीर त्या बाजूला जात नाहीत. पण रोज सकाळी काठावर येतात, आणि जो भेटेल त्याला सांगतात, माझ्या हातानं गेलं. चहाच्या टपरीवरही सांगतात म्हणे. आधी लोक नाही नाही म्हणायचे, आता नुसती मान हलवतात.

माझ्याशी आता बोलतात. "आज किती गं?" एवढंच. मी पदर ओढते आणि सांगते. पदर अजून आहे.

मालकांनी परवा विचारलं, "लाल यायला लागलं तवा वळखनारं कुनी नव्हतं का तिथं? तू व्हतीस ना?"

"मी बांधावर गवत कापत व्हते," मी म्हणाले.

ते म्हणाले, "हं." मग म्हणाले, "असतीस तर बोलली असतीस."

मी त्यांच्या पाठीला तेल लावत होते, ते लावत राहिले. वीस-बावीस वर्षं या माणसाबरोबर मी दगडाच्या खाली उतरले. सुरुंग लावून वर पळताना माझा हात कधी त्यांनी सोडला नाही. त्यांना ते तीन कप सांगितले तर ते रागावणार नाहीत, हे मला माहीत आहे. नुसतं हं म्हणतील. तेच मला ऐकायचं नाही. पण दीर रोज काठावर उभे राहून सगळं आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेतात, तेही आता ऐकवत नाही. निरोप न ऐकणं त्यांचं. लाल दिसल्यावर गप्प राहणं माझं. त्यांनी त्यांचं वाहावं, माझंही वाहू नये.

आज सकाळी ठरवून गेले होते. ते त्याच दगडावर बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, मशीनचा आवाज नव्हता, पाखरंसुद्धा गप्प होती.

"आज किती गं?"

"कमरेला, भाऊजी."

ते उठेपर्यंत मी तिथेच उभी होते. ते हळूहळू बागेकडे गेले. मी दोन घागरी भरल्या आणि घरी आले. दुसरं सांगायचं राहिलं.